आफ्रिकेतल्या मुलांच्या अंगावर गणवेश कसा?

मित्रांनो, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी बदलापुरात एका शाळेत इतिहास शिकवते. आज शाळेत प्रदर्शन होतं. माझ्या नववीच्या मुलांनी दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांवर फोटो लावून तक्ता केला होता. १९७६ साली तिथल्या गोऱ्या सरकारने शाळेत राज्यकर्त्यांची भाषा लादली, तेव्हा ती मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली आणि त्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या.

पाहुणे म्हणून आमचे एक विश्वस्त आले. हा गृहस्थ प्लॉट विकतो आणि शिक्षणावर भाषणं ठोकतो. तक्त्यासमोर उभा राहून मला म्हणतो, "मॅडम, ही आफ्रिकेतली कशी? यांच्या अंगावर तर गणवेश आहे! भुकेली मुलं दाखवा ना. बघणाऱ्याला दया आली पाहिजे."

आमच्या मुख्याध्यापिका लगेच, "हो साहेब, बदलून घेते." त्यांनी तर तक्ता वाचलाही नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तक्त्याशेजारी उभी असलेली माझी विद्यार्थिनी साक्षी बोलली. ती नदीकाठच्या मांजर्लीला राहते.

"साहेब, आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा तुम्ही बिस्किटं वाटायला आला होतात. मी गणवेश घातला होता, कारण तेवढाच कोरडा राहिला होता. तुम्ही फोटोवाल्याला म्हणालात, हिला नको, ती रडणारी घे."

साहेबांना अचानक फोन आला. न वाजलेला.

तुमच्याही मोबाईलमध्ये गरीब मुलांना काहीतरी वाटतानाचे फोटो असतील. उघडा जरा. त्यातल्या एका तरी मुलाचं नाव सांगता येतंय का?