पाय थांबू न देणारी सायकल

दातांच्या लॅबमध्ये त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. तो 'टपाल' होता. गेली सव्वीस वर्षं तो गावभरच्या दवाखान्यांतून लोकांचे जबडे गोळा करून लॅबमध्ये आणत होता आणि तयार झालेल्या कवळ्या परत पोचवत होता. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओततात आणि पेशंटच्या जबड्याची हुबेहूब प्रत तयार होते. तिला म्हणायचं साचा. त्या साच्यावर लॅबचे मास्तर कवळी घडवतात. दवाखाना आणि मास्तर यांच्यामध्ये जे चार-पाच किलोमीटर पडतात, ते टपालचे. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही साचा फुटला नाही, हे तो स्वतःहून कधी सांगत नसे. समोरच्याने विचारावं अशा बेताने विषय तिथे नेऊन ठेवत असे.

सायकलवरून उतरण्याची त्याची एक खास तऱ्हा होती. दवाखाना दहा-पंधरा पावलांवर आला की तो उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणायचा, डाव्या पॅडलवर ताठ उभा राहायचा आणि चालत्या सायकलवर तसाच तरंगत बरोबर पायरीशी येऊन थांबायचा. पायरीवर पाऊल टाकायचं आणि साचा मागायचा. वय बावन्न झालं तरी यात फरक नव्हता.

मग ती जुनी काळी सायकल मानेत तडकली. वेल्डिंगवाल्याने एकदा जोडली, दोनदा जोडली, तिसऱ्यांदा हात जोडले. बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे एक जुनी पण धड सायकल आहे, ती आणा." पण टपालला जुन्याची जागा जुन्याने भरायची नव्हती. तो मोठ्या दुकानात गेला. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली आणि पुढे एक पांढरीशुभ्र, नारिंगी चाकांची सायकल उभी होती, इतरांच्या निम्म्या किमतीत. विकणारा मुलगा परवापर्यंत पंखे विकत असावा.

"काका, याला गिअर बदलायची भानगडच नाही. एकच, फिक्स्ड. तारा नाहीत, काही नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं?"

टपालला हे बिनतोड वाटलं. त्याच्या जुन्या सायकललाही गिअर नव्हते. म्हणजे सायकल तीच, फक्त वजनाला निम्मी आणि पैशालाही निम्मी. एवढा विचार करून तो थांबला. माणसाने थोडा आणखी करावा, पण स्वस्त वस्तू समोर असली की तेवढा कुणाच्याने होत नाही.

पहिल्याच उतारावर त्याने रोजच्यासारखे पाय थांबवले. पॅडलने ऐकलं नाही. त्याचा गुडघा जवळजवळ हनुवटीला लागला. दोन्ही पाय फाकवून, एकुलता एक पुढचा ब्रेक गच्च आवळून तो खाली आला आणि एका न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, दाढीसाठी थांबलेल्या गृहस्थांच्या शेजारी, बसल्यासारखाच पडला.

पंक्चरवाल्याने मागचं चाक उचलून फिरवलं. चाकाबरोबर पॅडलही गरगरू लागली.

"मालक, तुमच्या जुन्या सायकलला फ्रीव्हील होतं. पाय थांबले तरी चाक आपलं टिकटिक करत पुढे जायचं. याला ते नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, आणि पॅडल फिरतंय तोवर तुम्ही."

"मग बसव की फ्रीव्हील."

"बसवलं असतं. पण या चाकाचे आटे इतके कच्चे आहेत की आवळले की झिजून जातील. म्हणजे चाकच बदला. मग मागचा ब्रेक घ्या. ही रिम बघा, बोटाने वाकते. चार आण्याची कोंबडी..."

"कळलं," टपाल म्हणाला. मसाल्याचा भाव त्याला ऐकायचा नव्हता.

खरा घोटाळा पुढेच होता. सायकलला मागे कॅरिअर लावायला साधी भोकंही नव्हती. म्हणजे सव्वीस वर्षांची ती लाकडी पेटी, आत स्पंज आणि प्रत्येक जबड्याला वेगळा कप्पा असलेली, घरी माळ्यावर गेली. साचे आता खांद्याच्या पिशवीत, छातीशी लटकू लागले.

परत करायची म्हटली तर दुकानदार म्हणाला, वापरलेला माल घेत नाही. घरी सांगावं तर बायकोचं ऐकलं नाही हे कबूल करावं लागणार. टपालने सायकल ठेवून घेतली. रोज सकाळी तो पान्ह्याने मागचा नट आवळी आणि संध्याकाळपर्यंत चाक सरकून चेन पुन्हा ढिली होई. पाय क्षणभरही थांबवायची सोय नसल्यामुळे रात्री गुडघे ठणकत. बायको तेल चोळताना एकदाच म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही हो." पुढे काही बोलली नाही. तिने बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तरी माणूस हट्टी. तीन आठवड्यांत तो ती सायकल चालवायला शिकला. पूर्ण थांबायचं, मग उतरायचं, शाळकरी पोरासारखं. त्याला त्याची लाज वाटे.

नेमक्या याच दिवसांत लॅबमध्ये एक मोटरसायकलवाला येऊ लागला. कुरिअर कंपनीचा माणूस, तिशीतला, बोलायला गोड. मास्तर वाईट नव्हते. त्यांनी टपालला समोर बसवून सांगितलं, "काम कुणाला द्यायचं ते महिनाअखेर बघू. दवाखाने लांब लांब निघालेत, आणि तू हल्ली उशिरा येतोस." टपालची दातखीळ बसली. जबडे जपून नेण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी त्या कामासाठी दुसरं दार कुठलं?

महिना संपायला चार दिवस उरले होते. एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात साच्याचा डबा दिला तो दोन्ही हातांनी.

"काका, हा फार जपून. भूगोलाच्या बाईंचा आहे."

भूगोलाच्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी नद्या आणि डोंगर शिकवले होते. जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. चार महिने त्या पातळ पेजेवर होत्या. माप घेताना चारदा थांबावं लागलं, बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही, असं डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. बाई आता आपल्या लेकीची वाट बघत होत्या. ती संध्याकाळी न्यायला येणार होती.

टपाल सावकाश निघाला. सगळा रस्ता नीट आला. लॅब दिसू लागली तेव्हा दारात मास्तर आणि मोटरसायकलवाला गप्पा मारत उभे होते. दोघांनीही वळून त्याच्याकडे पाहिलं.

आणि टपालच्या अंगात सव्वीस वर्षं संचारली. बघू दे यांना, या वयातही कसा येतो ते. त्याने उजवा पाय मागून फिरवला आणि डाव्या पॅडलवर ताठ उभा राहिला. एक क्षण सगळं पूर्वीसारखं होतं. मग ते पॅडल खाली गेलं, तळाला पोचलं आणि त्याला घेऊन वर निघालं.

तो पिशवीवरच पडला.

"लागलं का?" दोघंही धावले. "काही नाही, काही नाही," म्हणत तो उठला, कोपराचं रक्त न बघता थेट आतल्या खोलीत गेला आणि डबा उघडला. खालच्या जबड्याचे दोन तुकडे झाले होते.

खोलीत कुणी नव्हतं. समोरच्या फळीवर मास्तरांचा चिकटवायचा गोंद होता. त्याने तुकडे जुळवून पाहिले. अगदी सफाईने जुळले, केसाएवढी रेघ दिसत होती, आणि प्लास्टर चोळलं की तीही गेली असती. मास्तरांनाही ती कळली नसती. बाहेर महिनाअखेर उभी होती. त्याने गोंदाची बाटली हातात घेतलीही.

पण एक केस म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? कवळी केसाने चुकली की माणसं परत येतात. टोचतं म्हणतात. होईल सवय, असं त्यांना सांगितलं जातं. त्यांना वाटतं खोट आपल्याच तोंडात आहे. भूगोलाच्या बाई तर तक्रारही करणार नाहीत. नुसत्या पेज पीत राहतील.

त्याने बाटली जागेवर ठेवली, तुकडे तळहातावर घेतले आणि बाहेर आला.

"मास्तर, फुटला. माझ्या हातून."

मास्तरांनी ते तुकडे उचलून उजेडात धरले. मग म्हणाले, "महिनाअखेरचं नंतर. आधी बाईंचं बघ." त्यांनी दवाखान्यात फोन लावला. बाई अजून तिथेच होत्या. सायकलचं पुढचं चाक आठ आकड्यासारखं झालं होतं. मोटरसायकलवाल्याने गाडी चालू केली आणि मागची सीट थोपटली. "बसा काका."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई टपालवर खूप चिडल्या, आणि ते योग्यच होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. "मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" त्या म्हणाल्या. पण सांगायची वेळच आली नाही. बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला, उठून आत गेल्या, मापाच्या खुर्चीवर मागे टेकल्या आणि जमेल तेवढं तोंड उघडलं.

दीड तास टपाल बाहेरच्या बाकावर बसून होता. आतून फारसा आवाज येत नव्हता, तेच त्याला सोसवत नव्हतं. मोटरसायकलवाला शेजारी बसून राहिला. त्याला तीनदा फोन आले आणि तीनदा त्याने ते बंद केले.

शेवटी दार उघडलं. नवा डबा घेऊन बाई स्वतःच बाहेर आल्या. मोटरसायकलवाल्याने सवयीने हात पुढे केला. "द्या बाई, वीस मिनिटांत पोचवतो." बाईंनी तो हात ओलांडून डबा टपालपुढे धरला.

"बाई, पहिला मीच फोडला," टपाल म्हणाला. त्यांना ठाऊक असलं तरी त्याला ते सांगायचं होतं.

बाईंचे ओठ बधिर झाले होते. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसा एकेक शब्द त्यांनी सुटा करून उच्चारला.

"म्हणूनच. हा फुटला, तर तुम्ही सांगाल."

टपालने डबा दोन्ही हातांनी घेतला. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता, आणि डबा खाली ठेवायला तो तयार नव्हता.