कोरा शर्ट

रसवंतीत शेजारच्या बाकावर दहावीची पोरं दंगा करताहेत. आज शाळेचा शेवटचा दिवस, म्हणून एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर पेनाने नावं लिहिणं चाललंय. एक मुलगी मैत्रिणीवर ओरडते, "हलू नकोस ना! कॉलरखालची जागा माझी आहे!"

मेल्यांचा इतका हेवा वाटतो की रस गोड लागत नाही.

माझी दहावी कोरोनात, मोबाईलसमोर गेली. वर शाळेचा शर्ट, खाली घरातला पायजमा. निरोप समारंभ नाहीच. एका दुपारी बाईंनी तास बंद केला आणि शाळा संपली. माझ्या पाठीवर लिहायला मागे कुणी बसलेलंच नव्हतं.

परवा तो शर्ट मावशीच्या मुलीला देताना आई कौतुकाने म्हणाली, "अगदी नवा आहे गं, एक डाग नाही."