पत्त्याची ओळ

लातूर जिल्हा झाला त्या साली गावात कोणाला काय मिळालं ते मला ठाऊक नाही, पण आमच्या छापखान्यात जेवायला फुरसत मिळेना, एवढं खरं. शाळा, सोसायट्या, दवाखाने, वकील, जो तो कागद बदलून घ्यायला धावत यायचा. कालपर्यंत कागदावर जिल्हा उस्मानाबाद होता, आता लातूर पाहिजे, आणि तेही आजच पाहिजे. उद्या म्हटलं की लोक असे डोळे वटारायचे, जणू जिल्हा मीच अडवून धरलाय.

मी तिथं कंपोझिटर होतो. खणांतून शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, उलटी अक्षरं जुळवून ओळ बांधायची, हे माझं काम. गाव भोकरकडचं, काम शिकलो नांदेडला. हात माझा असा चालायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. बढाई म्हणा, पण खरी आहे.

मालक लातूरचेच. तोंडानं फाटके. "काय करायलास रे?" असं ते विचारायचे, आणि मी "करून राहिलो ना, मालक" म्हटलं की माझ्या नांदेडी बोलण्याची नक्कल करून अख्खा छापखाना हसवायचे. पण एकदा मी सांगितलं की आमच्या वस्तीतल्या लग्नपत्रिकांवर बुद्धाच्या चित्राचा ब्लॉक लागतो, तो नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं, तर आठवड्याच्या आत त्यांनी तो मागवून घेतला.

कागद छापून व्हायचे, अडायचं ते रबरी शिक्क्यावर. शिक्के आम्ही करत नव्हतो. मालक ते सोलापूरला पाठवायचे आणि यायला पंधरा-पंधरा दिवस. हेडमास्तर, सरपंच येऊन ओरडून जायचे. एक दिवस माझ्या डोक्यात किडा वळवळला. अक्षरं तर मीच जुळवतो, मग राहिलं काय? प्लास्टरमध्ये साचा काढायचा, त्यावर रबर ठेवून तापवायचं नि दाबायचं. नोकरी चालूच ठेवायची आणि रविवारी शिक्के करायचे.

बायकोला सांगितलं तर ती हसली. "आधी हाय ती नोकरी सांभाळा, मग शेट व्हा." पण दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तिनंच विचारलं, "रबर कुठं भेटतंय?" तिथून पुढं धंदा तिचा झाला, मी नुसता हमाल. कोणत्या शाळेत आधी जायचं, कोणत्या सोसायटीचा सेक्रेटरी शब्दाचा पक्का, सगळं तिला तोंडपाठ. नांदेडहून दाबायचं एक जुनं यंत्र आणलं आणि थोडे झिजलेले खिळेही. तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "मालकांच्या कानावर घाला. बाहेरून कळलं तर बरं दिसंल का?" मी म्हणायचो, सांगतो की. आणि सांगत नव्हतो. काढून टाकलं तर? गावाकडं दुष्काळानं विहिरीत नुसता चिखल राहिला होता, परत जाऊन काय खाणार?

लातुरातही पाण्याची बोंबच होती. टँकर आला की भांडी घेऊन पळायचं. आणि प्लास्टरला लागतं पाणी! बायको तांब्या पुढं करताना दम भरायची, "बिघडवला तर तुमची आंघोळ बंद." तीन रविवार मी बिनआंघोळीचे काढले. कधी रबर जळायचं, कधी अक्षरं पुसट यायची. चौथ्या रविवारी शिक्का असा स्वच्छ उठला की मी ओरडलोच. तिचं नाव होतं त्यावर. मग काय, कॅलेंडरवर शिक्का, पिठाच्या डब्यावर शिक्का, माझ्या दंडावर शिक्का. इतकी खुश मी तिला लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

तेवढ्यात घरमालकीण नाकाला पदर लावून दारात. "टायर जाळायलाव का काय घरात? माझ्या घरात ही घाण चालायची न्हाई. धंदा करायचा तर दुसरी जागा बघा." आम्ही जागा बघितल्या, पण नव्या जिल्ह्यात जागेला सोन्याचा भाव. ऐकूनच परत फिरायचो.

जागा नाही तर नाही, निदान कार्ड तरी, असं माझ्या मनानं घेतलं. माझे खिळे झिजलेले, कार्डाला शोभेनात. मग एका दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा मी छापखान्याच्याच खिळ्यांत माझं कार्ड जुळवलं. वर दुकानाचं नाव, मध्ये 'रबरी शिक्के तयार करून मिळतील', खाली 'ता. जि. लातूर'. पत्ताच नव्हता, म्हणून त्या ओळीत अक्षरं न घालता शिशाचे कोरे तुकडे भरले. एक प्रूफ काढलं, घरी नेलं, बायकोनं ते आरशाच्या कडेला खोचलं. आता खिळे सोडून खणांत परत टाकायचे, हा कंपोझिटरचा धर्म. पण माझा हात होईना. दोऱ्यानं बांधून, कागदात गुंडाळून मी ते कार्ड फळीवरच्या जुन्या ब्लॉकांमागं सारलं. सोमवारी सोडू म्हटलं. असे किती सोमवार गेले.

आणि एक दिवस उद्घाटनाची पत्रिका छापायला आली. नवं ऑफिस, मोठे पाहुणे, संध्याकाळच्या आत पाहिजे. लातूर सात ठिकाणी. आमच्याकडं 'तू' हे अक्षर अख्खं एका खिळ्यात यायचं आणि ते मोजकंच होतं. पत्रिकांत सगळे 'आपण', तिथं तू कोणाला म्हणणार? आडतीच्या पावत्यांवरची तूर आणि पत्त्यातलं एखाददुसरं लातूर, तेवढ्यापुरते खिळे. पत्रिकेला दोन कमी पडले.

ते दोन कुठं आहेत, मला चांगलं ठाऊक होतं. एक दुकानाच्या नावात, एक खालच्या ओळीत.

मालकांनी खण उपडे केले, मशीनखाली वाकून बघितलं, मशीनवाल्याला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नसताना तो ऐकून घेत होता. अर्धा तास! आणि मी मान खाली घालून खोटंखोटं शोधत होतो. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते. शेवटी मालक स्टुलावर चढले आणि फळीवरचे ब्लॉक बाजूला करायला लागले. पुडकं हातात आलं. कागद सोडला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी ते उजेडाला धरलं आणि उलटी अक्षरं सरळ वाचून काढली.

"कोणाचं हाय?"

"माझं, मालक."

चिमट्यानं दोन्ही 'तू' उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "पत्रिका उरक." बस्स, एवढंच. पत्रिका वेळेत गेली. माझं कार्ड दोन भोकं पडून त्यांच्या टेबलावर पडलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "मी सांगत व्हते का न्हाई?" आणि मग आरशाचं प्रूफ काढून तिनं ट्रंकेत ठेवून दिलं. ते बघून मला जास्त रडू आलं.

सकाळी मी लवकर गेलो. म्हटलं, त्यांनी कामावरून काढायच्या आधी पाय धरू. छापखाना उघडाच होता. मालक माझ्या जागेवर, माझ्या खिळ्यांच्या पेटीपुढं उभे, नाक खणांना टेकायचं बाकी. नजर कमी झाल्यापासून त्यांनी खिळ्याला हात लावलेला मी बघितला नव्हता. मला बघून बाजूला झाले.

"पत्त्याबिगर धंदा करतोस व्हय रे, येड्या?"

मी बघितलं. कार्डातले दोन्ही 'तू' जागच्या जागी परत आले होते. आणि कोरे तुकडे काढून त्या ओळीत अक्षरं बसवली होती. आमच्याच छापखान्याचं नाव, आणि पुढं 'मागची खोली'.

"रविवारी," मालक म्हणाले. "हितं कामाच्या दिवशी शिक्क्याचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन. सोलापूरला आता काय पाठवायचं न्हाई. आणि पाणी घरून आण, माझ्याकडं थेंब न्हाई."

मी म्हणालो काय, तर "करून राहिलो, मालक." ते असे हसले की मशीनवाला दारातच थबकला.

कार्ड छापायला घेतलं तेव्हा मला दिसलं, पत्त्याच्या ओळीत एक खिळा उलटा लागला होता. खोलीतला 'ख' डोक्यावर उभा. मी चिमटा उचलला. मग खाली ठेवला. सगळी कार्डं तशीच छापली. पुढं कित्येक वर्षं लोक विचारायचे, एवढे कसलेले कंपोझिटर तुम्ही, आणि हे अक्षर उलटं कसं? मी सांगायचो, ती ओळ माझी नाही, मालकांनी लावलीय.