आटवायची की झाकायची

केमोसाठी ताई अकोल्याहून माझ्याकडे राजापेठेत राहायला आली. तिच्यामागोमाग गुळवेल आली.

मामीने अकोल्याहून पिशवीभर काड्या आणल्या. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, चांदूर बाजारहून शेतातल्या कडुनिंबावरची ताजी वेल घेऊन आले. गुळवेल कॅन्सरला मुळासकट उपटते, याबद्दल दोघांचं एकमत होतं. वाद फक्त कृतीचा. चार पेले पाणी आटून एक पेला व्हायलाच हवं, असं मामीचं म्हणणं. भाऊजींच्या मते उकळणं म्हणजे गुणांचा खून. गरम पाणी ओतायचं, वर झाकण ठेवायचं, बस. अधिकार दोघांचाही मोठा. मामीकडे वय होतं, भाऊजींकडे मोबाईल.

"कडू उतरलं नाही तं ते औषध काहाचं?" मामी म्हणाली.

"मामी, तुमी काढा नाही, डांबर करून राहिल्या."

ताईला कोणी विचारलं नाही.

मी पडले व्यवस्थित बाई. फ्रिजवर वेळापत्रक लावलं: सकाळी आटवलेला, संध्याकाळी झाकलेला. दोघांचाही मान राहिला. ताई नाक दाबून दोन्ही पीत राहिली.

पुढच्या केमोआधीच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. केमो पुढे गेली. "आणखी काय देता?" डॉक्टरांनी विचारलं. मी दोन्ही कृती मापासकट सांगितल्या. रुखवताचं वर्णन करावं तशा.

"कृतीनं फरक पडतो, खरंय," ते म्हणाले. "त्याच काडीतून उकळल्यावर एक उतरतं, भिजवल्यावर दुसरं. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यातलं काही कॅन्सरच्या पेशी मारतही असेल. पण बशीला लिव्हर नसतं. आकडे यानंच वाढले असंही मी छातीठोक सांगणार नाही. यांच्या पोटात नेमकं काय गेलं, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. दोन्ही बंद."

घरी हे सांगितल्यावर कोणाला वाईट वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

"झाकलेलंच बाधलं," मामी म्हणाली.

"तुमच्या डांबरानं झालं," भाऊजी म्हणाले.

"माही केमो हुकली," ताई पहिल्यांदाच बोलली. "तुमचं भांडण काही हुकलं नाही."

पुढच्या तपासणीत आकडे खाली आले. केमोची तारीख मिळाली. घरी येताच ताई म्हणाली, "मले आता साधा चहा दे. दुधाचा."

मी गॅस पेटवला.

"पत्ती आधी टाक, चांगली उकळू दे," बाहेरून मामीचा आवाज आला.

"दूध वेगळं तापवा," भाऊजी म्हणाले.

ताई उठली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.