विंगेतून सांगितलेलं उत्तर

कचरू गायकवाडांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, चाळीस वर्षं विंगेत उभं राहून नाटकं सांगितली. प्रॉम्प्टर दिसला तर चुकला, आणि प्रेक्षकांना ऐकू आला तरी चुकला. टाळ्या त्यांच्या वाट्याला कधी आल्या नाहीत, पण हुसेन तांबोळीसारखा गाजलेला विनोदी नट त्यांच्या भरवशावर पाठांतरच करत नसे. अण्णांनी कुजबुजावं आणि हुसेननं ते वाक्य असं फेकावं, की जणू आत्ता त्यालाच सुचलं.

म्हातारपणी दोघं हडपसरला एकाच सोसायटीत आले. हुसेनची बायको गेल्यापासून अण्णांचा दुपारचा चहा त्याच्याकडेच असे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी हुसेनला बरं वाटेना, जळजळतंय म्हणाला. मुलगा शहेजाद ऑफिसात होता, त्यानं तिथूनच मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं डॉक्टर जोडून दिली. ती जयपूरला बसली होती. तरुण, शांत बाई. अण्णा सवयीनं कॅमेऱ्याबाहेर, कपाटाच्या आडोशाला उभे राहिले.

"चाचा, सीने में दर्द? भारीपन?" तिनं विचारलं.

हुसेन थांबला.

नट असा थांबला की प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो. अण्णांच्या तोंडून आपसूक निघालं, "नाही, नुसती जळजळ."

"जी नहीं, सिर्फ जलन," हुसेन ठणकावून म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, पहिल्यापेक्षा झकास. तिनं पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला हृदयविकाराचा झटका आला. वाचला, पण दोन पावलं चालला तरी धाप लागायची.

शहेजाद चिडला होता. मे महिन्यात तो एक टाइप केलेला कागद घेऊन अण्णांकडे आला.

"काका, ती पुण्यात असती तर दारात जाऊन जाब विचारला असता. इथल्या मेडिकल कौन्सिलला लिहिलं, ते म्हणतात डॉक्टरची नोंदणी राजस्थानात, तिकडे तक्रार करा. तिकडचे म्हणतात, हजर होता त्याचं लेखी पाठवा. परराज्यातल्या डॉक्टरांना असे फोनवरून पेशंट बघायला बंदीच हवी. एवढी सही करा."

कागदावर लिहिलं होतं : डॉक्टरांनी छातीबद्दल विचारलं नाही.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"अब्बांना त्या कॉलमधलं काहीच आठवत नाही. पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं ना?"

अण्णांनी पेन उचललं. सही केली असती तर कोणाला कळणार होतं? विंगेतला माणूस कोणाला दिसतो? जयपूरच्या त्या पोरीची नोंदणी गेली असती आणि अण्णांचा चहा चालू राहिला असता. तीन महिने ते हुसेनच्या धापेकडे पाठ करूनच तो चहा पीत होते.

त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला सावकाश लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "चल, तुझ्या बापासमोर वाचतो."

हुसेन पलंगावर टेकून बसला होता. अण्णांनी खणखणीत आवाजात वाचलं. "डॉक्टरांनी छातीबद्दल दोनदा विचारलं. रुग्ण उत्तर देताना थांबला. तेव्हा मी आडोशाला उभा राहून त्याला 'नाही' असं सांगितलं आणि तो तेच बोलला. चूक माझी आहे." खाली सही होती.

शहेजाद बघतच राहिला. "काका, तुम्ही?"

हुसेनची नजर कागदावर होती. विराम लांबत गेला. पुढचं वाक्य अण्णांच्या अगदी ओठांवर होतं : जाऊ दे रे कचरू, तुझा काय दोष. हुसेननं ते सुंदर म्हटलं असतं. अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"दुखत होतं रे," हुसेन म्हणाला. "आत्ता आठवलं. तेच सांगणार होतो."

अण्णांनी मान हलवली. मग कागदाची घडी घालून ती शहेजादच्या हातात दिली.

"जयपूरला पाठव," ते म्हणाले.