तीन दांड्यांचा पाऊण

माझ्या काकाला सगळं जानेफळ गाव अहो-जाहो करायचं. मीही करायचे, समोर. इथं नाही करणार. इथं तो 'तो'च.

बाप गेल्यावर आई आणि मी त्याच्या घरात राहिलो. शेती मोठी, माणसं पुष्कळ, शब्द एकट्याचा. मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी गावची शाळा पुरी करून मेहकरला मामाकडं राहायला जायला हवं होतं. आईनं त्याचे पाय धरले तेव्हा त्यानं अट घातली. "गणितात पास झाली तर धाडतो मेहकरले. नापास झाली तर चूल हायच."

दिवेलागणीला तो ओट्यावर बसून घरातल्या सगळ्या पोरांकडून परवचा म्हणवून घ्यायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, मग औटकी. औट म्हणजे साडेतीन. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. जीभ अडखळली की निंबाची फोक पिंढरीवर. मला सगळं तोंडपाठ होतं. लोक म्हणायचे, काय शिकवलं आहे पोरीला. मार मी खाल्ला आणि वाहवा त्याची.

आमच्या घरी पाव, निम्मे, पाऊण दांड्यांनी लिहीत. आकड्यापुढं एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. चार दांड्या कोणी काढत नाही, कारण चार पाव म्हणजे पुरा एक. साधी गोष्ट आहे, आणि आजही मला ती वाईट वाटत नाही. वाईट पुढं झालं.

शेवटच्या वर्षी मास्तरांनी दशांश काढले. टिंब द्यायचं आणि पुढं आकडा लिहायचा. वरच्या आकड्याला खालच्यानं भागा, म्हणाले, आणि पाव, पाऊण घरून करून आणा. मी ओट्यावर पाटी घेऊन बसले तर काका आला.

"काय चालू हाय?"

मी सांगितलं. त्यानं दशांश जन्मात पाहिले नव्हते, पण मला माहीत नाही हे वाक्य त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलं आहे? पाटी ओढून घेतली आणि म्हणाला, "सोपं हाय. दांड्या पुसाच्या, टिंब द्याचं, जितल्या दांड्या तितला आकडा. पाव म्हणजे टिंब एक. अर्धा म्हणजे टिंब दोन. पाऊण म्हणजे टिंब तीन."

मी तोवर भागाकार करून ठेवला होता. म्हटलं, "काका, तिनाले चारानं भागलं तर टिंब पंचाहत्तर येतात."

थापड अशी बसली की कान सांजेपर्यंत वाजत होता. "तीन दांड्या दिसत नाही तुले? पंचाहत्तर कोठून आणले वं?"

आणि रोज तेच घोकून घेतलं. परीक्षा तोंडावर होती, मास्तरांनी घरचं तपासलंच नाही. टिंब एक, टिंब दोन, टिंब तीन, चारावर पुरा एक. परवच्यासारखं, सुरात, फोक मांडीवर ठेवून. दहा वर्षांच्या पोरीला थापडीपेक्षा भागाकार मोठा वाटत नाही.

परीक्षेला तपासणीवाले साहेब आले होते. गावातला बडा माणूस म्हणून काकाही खुर्ची टाकून बसला. गणित होतं, पावणेचार आणि साडेसात दशांशात लिहून बेरीज करा. मी लिहिलं, ३.३ आणि ७.२, बेरीज ११.१. तीन आणि दोन पाच दांड्या, चारांचा पुरा एक, एक उरली; दांड्यांच्या हिशेबानं ती बेरीज चोख होती, सव्वाअकरा. साहेबांनी पाटी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मास्तरांनी पाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, मग काकाकडं पाहिलं.

त्याच संध्याकाळी मास्तर घरी आले. बैठकीचं दार लागलं. मी आतल्या खोलीत भिंतीला कान लावला, पण पुटपुटण्यापलीकडं काही कळलं नाही. ते गेल्यावर हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला. "नापास. मास्तर म्हणते पोट्टीच्या डोक्यात गणित उतरत नाही." आईनं मला परात दिली आणि कणीक मळायला बसवलं.

मास्तरांना मी त्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. विहिरीवर दिसले की तेच मान खाली घालून निघून जायचे. मी त्यांच्या मागं थुंकत असे.

मग लग्न झालं आणि मी नांदुऱ्याला गेले. तिथं धाकट्या दिराच्या अंकगणितात मला पाऊण सापडला. टिंबापुढं पंचाहत्तर. पुस्तक तसंच मांडीवर राहिलं आणि भाकर करपली. दिराकडून मी सगळे दशांश शिकले, इंग्रजी आकडेही शिकले. पण आता दोन पोरं होती, मेहकर मेहकरलाच राहिलं.

काही वर्षांनी काकाला मुदतीचा ताप आला. मेहकरचा डॉक्टर थर्मामीटर देऊन गेला, पारा एकशे तीनच्या वर गेला की लगेच माणूस पाठवा म्हणून. त्यावरचे इंग्रजी आकडे वाचणार कोण? मला बोलावणं आलं. आईकडं पाहून गेले.

दुपारी पारा पाहिला. काकूनं विचारलं, "किती वं?"

"एकशे दोन पॉइंट चार."

काकू घाबरली. ओट्यावरचं घोकणं तिनंही ऐकलेलं. "चारावर पुरा एक ना? म्हणजे एकशे तीन झाला. गडी धाडू काय?"

मला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "ते ओट्यावरचं गणित, काकू. इथं दहाचा एक होते. चार म्हणजे अर्धाबी नाही."

खाटेवर हा डोळे मिटून होता. तसाच म्हणाला, "मले ठाव हाय."

"कवापासून?"

"मास्तर सांगून गेला होता. त्याच सांजेले. पोट्टीचं चुकलं नाही म्हणे, शिकवणाऱ्याचं चुकलं. पुन्हा परीक्षा घेतो म्हणे."

"मंग मले काऊन नाही बसू देलं?"

"अन् गावात काय सांगू? मले पाऊण लिहिता येत नाही म्हणून?"

पाणी दे म्हणावं तसं म्हणाला आणि कुशीवर वळला. मी तिथंच उभी. मास्तरांना इतकी वर्षं दिलेल्या शिव्या सगळ्या चुकीच्या दारात पडल्या होत्या.

सांजेला पुन्हा पारा पाहिला. घरात तो वाचता येणारी मी एकटी. मी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं, आणि हे माझ्या मनात आलं. आलं नाही असं खोटं कशाला बोलू? तोही माझ्या तोंडाकडं पाहत होता. त्यालाही ते कळलं होतं.

"किती?" त्यानं विचारलं.

"एकशे तीन पॉइंट दोन. तुमच्या गणितानं एकशे साडेतीन. कोणत्याबी गणितानं गडी धाडाच लागते."

गडी गेला, डॉक्टर आला, तो वाचला. मी नांदुऱ्याला परतले. पुढं कळलं, तो गावभर सांगत फिरतो आहे, पुतणीला दशांश मीच शिकवले.