ऑर्विलचे आठ भिडस्त कामगार

ऑर्विल स्टेनेरुड इतका भिडस्त, की चौकात गाडी थांबली की बाकीच्यांना ‘जा, जा’ असा हात करत बसायचा. मागचे लोक शिव्या द्यायचे. अर्थात काचा बंद करून, कारण तेही त्याच्याच डुलूथ गावचे, आणि तिथे सगळेच भिडस्त.

जगात मूठभर लोक वापरतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम त्याची लाडकी होती. एकच मोठं काम संगणकाच्या आठ प्रोसेसरांत वाटून देणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, या सिस्टिमवर चालती करायची आणि तपासायची, हा उद्योग तो निवृत्तीनंतर फुकट करी. यंदा मात्र लायब्ररीची प्रमुख रोझलिन फिंकल हिने न्यू जर्सीहून बजावलं होतं, “शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत सगळ्या चाचण्या पास कर, नाहीतर लायब्ररी चालणाऱ्या सिस्टिमच्या यादीतून तुझ्या सिस्टिमचं नाव गेलं म्हणून समज.” नाव गेल्यावर तिकडे कुत्रंही फिरकलं नसतं, आणि ऑर्विलचा जीव तर त्यातच अडकलेला.

एक चाचणी काही केल्या पास होईना. आठ प्रोसेसरांवर चालणारे आठ छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ऑर्विलच्या भाषेत ‘कामगार’; त्यांनी एकाच बेरजेत आपापला आकडा मिळवायचा, पण एका वेळी एकानेच आत जायचं. प्रोसेसर तापून लाल, आणि बेरीज शून्य!

गुरुवारी चर्चच्या तळघरात कॉफी होती. ट्रेमध्ये लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा उरला. एकाने त्यातला अर्धा घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा. ऑर्विलची पाळी आली तेव्हा नखाएवढा राहिला होता. त्याचेही तो दोन भाग करू लागला.

“अरे, टाक ना तोंडात एकदाचा!” त्याची बायको आर्डिस म्हणाली.

“असू दे गं, कोणाला तरी हवा असेल...” आणि सुरी तशीच हातात राहिली. “आर्डिस! माझ्या कामगारांचं हेच झालंय. दुसरा कोणी थांबला असेल तर आपण मागे सरायचं, असं मीच लिहून ठेवलंय! आठही जण दारात ‘आधी तुम्ही’ करत उभे आहेत!”

“कपाळ माझं! तुला दुसरं काय सुचणार?”

घरी जाऊन त्याने नियम बदलला. जो आधी पोचेल त्याने सरळ घुसायचं. लिहिताना त्याला कसंसंच झालं, पण चाचणी पास झाली. निकाल त्याने लगेच पाठवला.

रोझलिनने तो उघडलाच नव्हता. शुक्रवारी ऑनलाइन मीटिंगमध्ये ती म्हणाली, “ऑर्विलकडून काही नाही. नाव काढू या?” ऑर्विलने तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी खोकलं. तो थांबला. पुन्हा उघडलं, तर दुसराच बोलू लागला. तो पुन्हा थांबला.

“ठीक आहे, काढते मग.”

“ऑर्विल, शेवटचा तुकडा!” स्वयंपाकघरातून आर्डिस ओरडली.

“थांबा!” ऑर्विल गरजला. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदाच कोणाचं बोलणं तोडत होता. “पास झाल्यात. सगळ्या.”

रोझलिनने निकाल उघडला, वाचला. नाव राहिलं.

“अरे बाबा, मग इतका वेळ बोलला का नाहीस?”

“तुमचं चाललं होतं ना,” ऑर्विल म्हणाला.